पिकअपचं इंजिन आणि ताईच्या पाटल्या

गेल्या रविवारी भाचा घरी आला. हातात तीन शोरूमची तीन कोटेशनं, मोबाइलमध्ये पंधरा-वीस व्हिडिओ सेव्ह केलेले. चहा व्हायच्या आतच विषय काढला. "मामा, तुम्ही जगाचं सगळं लिहिता. मला एवढंच सांगा, इंजिन कुणाचं घेऊ?"

त्याला पिकअप घ्यायचीये. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमधून वाशीला माल न्यायचा धंदा. शेजारच्या दोघा-तिघांनी केला, त्यांचं बरं चाललेलं दिसतं, आपलंही चालेल असा हिशोब. डाऊन पेमेंटला पैसे कमी पडतात म्हणून ताई तिच्या पाटल्या गहाण ठेवायला निघालीये. हे त्यानं सांगितलं नाही, ताईनं फोनवर सांगितलं. त्यामुळे मी थट्टेवारी न नेता वही घेऊन बसलो. आणि बसल्यावर लक्षात आलं, की आपल्या तालुक्यात रोज शेकड्यानं पिकअप धावतात, पोरं दहा-अकरा लाखांचं कर्ज डोक्यावर घेतात, पण गाडीच्या इंजिनाचा विचार कसा करायचा हे कुणी धड सांगत नाही. शोरूमवाला विकायला बसलाय, फायनान्सवाला हप्ता बांधायला बसलाय आणि व्हिडिओवाला व्ह्यूजला.

आणि पेपरवाले? आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या पुरवणीत मी स्वतः एका पिकअपवर अर्धं पान लिहिलं होतं. "दमदार इंजिन, शेतकऱ्याचा खरा साथीदार" वगैरे. ती गाडी मी चालवलेली नव्हती. बॉनेट उघडून पाहिलेलंही नव्हतं. एजन्सीची जाहिरात होती, मजकूर त्यांच्या पत्रकातूनच उचलला होता. तालुक्याच्या पत्रकाराला जाहिरातीचं टार्गेट असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं, पण असतं. तेव्हा ही पोस्ट म्हणजे त्या अर्ध्या पानाची थोडीफार फेड समजा. हिला कुणाची जाहिरात नाही.

आता मुद्द्यावर येतो.

जगात मध्यम आकाराची पिकअप म्हटलं की टोयोटाची हायलक्स, इसुझूची डी-मॅक्स अशा गाड्या डोळ्यासमोर येतात. हायलक्सचं इंजिन २.८ लिटरचं, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर. आपल्याकडे ती हौशी लोक आणि पुढारी घेतात, हौद्यात सहसा कार्यकर्ते असतात. क्रेट वाहणाऱ्याची पिकअप वेगळी. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, टॉर्क २०० न्यूटन मीटर. टाटा योद्धाचं २.२ लिटरचं, १०० हॉर्सपॉवर आणि २५० टॉर्क. टाटाचीच इंट्रा व्ही-५० घेतली तर दीड लिटरचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर, २२० टॉर्क. अशोक लेलँडची दोस्तही दीड लिटरची, तीन सिलेंडरची, ताकद तेवढीच. भाच्याच्या डोक्यात हे सगळे आकडे पाठ होते. कुठला आकडा कशाला लागतो, ते मात्र माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होतं. म्हणून आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतायत, कुठल्याच कंपनीचे नाहीत.

मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, "भरून चढायचंय का भरून उतरायचंय?"

हा प्रश्न मला त्या कोटेशनमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटला. बघा ना, नारायणगावहून वाशीला जाणारी गाडी ओतूरवरून माळशेज घाट उतरते, मुरबाड, कल्याण करत पुढे जाते. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. येताना हौद्यात काय तर रिकामे क्रेट. उलट रत्नागिरीहून आंबा घेऊन आंबा घाटानं कोल्हापूरला येणारा किंवा चिपळूणहून कुंभार्ली चढून कराडला जाणारा भरून चढतो. गाडी तीच, इंजिन तेच, पण कोकणातल्या ड्रायव्हरला टॉर्क लागतो आणि आमच्या भाच्याला ब्रेक. शोरूममध्ये हे कुणी विचारत नाही. तिथं फक्त "सर, आपली शंभर हॉर्सपॉवर आहे" एवढंच.

पण भरून चढायचं म्हटलं तरी किती ताकद लागते? घरी येऊन कागदावर मांडलं. शाळेतलंच फिजिक्स आहे. दीड टन पासिंगची गाडी माल धरून सव्वातीन टनांच्या आसपास जाते. पंधरा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर जाणारा चढ धरा, म्हणजे बऱ्यापैकी घाट झाला. या चढावर ही गाडी ताशी ४० नं न्यायला चाकांपाशी सुमारे ४० हॉर्सपॉवर लागतात. गिअर, जॉइंट, डिफरन्शियलमधलं नुकसान धरलं तरी ४५-४६. म्हणजे ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन कायदेशीर माल घेऊन घाट आरामात चढतं. वरच्या पंचवीस-तीस हॉर्सपॉवर काय करतात? दोनच गोष्टी. एक तर घाटात ४० ऐवजी ५५ नं पळवायला लागतात, किंवा गाडीत माल जादा भरायला.

मग जादा मालाचा हिशोब केला. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, रिकाम्या क्रेटचं वजन धरून २२. दीड टनात बसतात ६८ क्रेट. भरतात किती? मार्केटच्या गेटवर रात्री दहाला उभे राहा आणि मोजा. शंभराच्या आत भरलेली पिकअप दिसली तर मला फोटो पाठवा. १३० क्रेट भरले की माल झाला जवळजवळ पावणेतीन टनांच्या पुढे आणि गाडी धरून साडेचार टन. आता त्याच चढावर त्याच वेगाला इंजिनाकडून साठ-पासष्ट हॉर्सपॉवर मागितले जातात. पंचाहत्तरचं इंजिन मग छाती फुटेस्तोवर ओढतं आणि पोरगा म्हणतो, "गाडीत दम नाही." दम भरपूर आहे रे बाबा, तू दोन गाड्यांचा माल एकीत घातलायस.

हा मुद्दा मी भाच्याला सांगितला तर तो शांतपणे म्हणाला, "मामा, ६८ क्रेटमध्ये धंदा बसत नाही."

आणि तो खोटं बोलत नव्हता. समजा क्रेटमागे ४० रुपये भाडं मिळालं. ६८ क्रेटचे झाले २,७२०. वाशीची जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरची फेरी, जाताना भरून ११-१२ चा ॲव्हरेज, येताना १४-१५. डिझेल लागलं २६ लिटर. नव्वदच्या भावानं २,३४०. उरले ३८०. यातून टोल, चहा-नाष्टा, टायरची झीज आणि त्याची रात्रभराची झोप. साडेआठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता बसतो साडेअठरा हजार. महिन्याला पंचवीस फेऱ्या मारल्या तरी ३८० च्या हिशोबानं साडेनऊ हजार. म्हणजे हप्त्याचा निम्मा. तोच पोरगा १३० क्रेट भरतो तेव्हा ५,२०० येतात आणि घर चालतं. तेव्हा इंजिनाची निवड करताना जो तो मनातल्या मनात हे १३० क्रेटच धरतो. शोरूमवाल्यालाही हे माहीत आहे, फायनान्सवाल्यालाही. फक्त आरसी बुकला माहीत नाही.

तर मित्रांनो, "कुठलं इंजिन चांगलं" हा प्रश्न अर्धा इंजिनाचा आहे आणि अर्धा भाड्याचा. गाड्या वाढल्या, माल तेवढाच राहिला, मग एकानं ३५ ला नेतो म्हटलं की दुसरा ३३ ला नेतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा क्रेट दोन हजारांवर गेला होता तेव्हा भाड्याची कुणी घासाघीस करत नव्हतं. पण तसा महिना किती वर्षांतून येतो? हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सरकारी महामंडळांच्या व्याज परतावा योजनेतून कर्ज मिळालं तर व्याजाचा भार हलका होतो, ते चांगलंच आहे, पोरांनी ते घ्यावंच. पण व्याज परत मिळतं, मुद्दल नाही. आणि परतावा मिळायला हप्ता वेळेवर भरलेला लागतो.

ओव्हरलोडचा दंडही माहीत असू द्या. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एकदा पकडलं की पन्नासेक फेऱ्यांचं उरलेलं गेलं. रोज पकडत नाहीत म्हणून चाललंय. का पकडत नाहीत यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज विषय तो नाही.

बुधवारी रात्री आम्ही दोघं एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर वाशीला गेलो. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे रिकामी गाडी, हायवेवर दोन किलोमीटर, शेजारी विकणारा पोरगा बसलेला. त्यातून काय कळणार? रिकाम्या हौद्यानं कुठलीही पिकअप पळतेच. म्हणून म्हटलं भरलेल्या गाडीत बसू. गाडी अडीच लिटरवाली, साडेतीन वर्षं चाललेली. किती क्रेट होते ते लिहीत नाही, ड्रायव्हरनं विश्वासानं बसवलं होतं.

घाट सुरू व्हायच्या आधीच त्यानं गाडी तिसऱ्यात टाकली. पुढे एका अवघड वळणाआधी दुसऱ्यात. इंजिन घरघरत होतं, पण गाडी धरून ठेवत होतं. ब्रेकवर पाय अगदी थोडा थोडा. आमच्या शेजारून एक जण सुसाट खाली गेला. ड्रायव्हर म्हणाला, "न्यूट्रल टाकलीय त्यानं. डिझेल वाचवतोय." मी मिस्त्रींना नंतर विचारलं तर ते हसले. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकली तर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रल टाकून वाचत काहीच नाही. जादा डिझेल जातं, आणि ब्रेक तापून जीव जातो तो वेगळा. ही एक गोष्ट जरी चार ड्रायव्हरांनी वाचली तरी ही पोस्ट वसूल झाली.

आणि इथेच इंजिनाच्या आकाराचा खरा उपयोग मला कळला. कागदावर दीड लिटरचं इंजिन ८० हॉर्सपॉवर दाखवतं, अडीच लिटरचं ७५. मग छोटं जास्त ताकदीचं का? त्यात टर्बो जास्त काम करतो. पण टर्बोचा जोर इंजिन फिरायला लागल्यावर येतो. भरलेली गाडी चढावर थांबवून परत उचलायची असेल, तेव्हा पहिल्या क्षणाला टर्बो झोपलेला असतो आणि कामाला येतं ते इंजिनाचं स्वतःचं आकारमान. उतारावरही तेच. खालच्या गिअरमध्ये मोठं इंजिन गाडीला जास्त अडवतं, छोटं कमी. म्हणून घाट उतरणाऱ्यासाठी जुनं, साधं, मोठ्या आकाराचं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं, त्याचा हॉर्सपॉवरचा आकडा कमी असला तरी. ताणून चालवत नसल्यामुळे ते टिकतंही जास्त, असं मिस्त्रींचं म्हणणं.

परत येताना पहाटे रिकामी गाडी घाट चढली. तिसरा, चौथा, मध्ये एक एसटी गाठली तर परत तिसरा. भाचा म्हणाला, "मामा, कुठंच कमी पडली नाही." मी काही बोललो नाही. ड्रायव्हरच म्हणाला, "आरं इंजिन कुणाचंबी घे, चालतंय. टायर आन ब्रेक चांगला ठेव. आन रात्री झोप यायला लागली की गाडी बाजूला घे, क्रेट नासला तर नासू दे."

तर शंभर हॉर्सपॉवर वाया आहेत का? नाही. ज्याला खरंच भरून चढायचंय, ज्याच्या आरसीवरच दोन टन पासिंग आहे, ज्याचा कोकण-देश असा रोजचा रूट आहे, त्यानं २.२ लिटर आणि २५० टॉर्कवालं इंजिन जरूर बघावं. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात कमी रडावं लागेल आणि क्लच वाचेल. पण वाशीला उतरणाऱ्यानं त्यासाठी जादा लाख रुपये मोजले तर महिन्याचा हप्ता जवळजवळ २,२०० नं वाढतो, आणि मिळतं काय तर रिकामे क्रेट घेऊन घाट चढताना एसटीला ओव्हरटेक.

त्यापेक्षा ॲव्हरेज बघा. महिन्याला पाच हजार किलोमीटर चालणारी गाडी १२ ऐवजी १४ देत असेल तर ६० लिटर डिझेल वाचतं. सुमारे पाच हजार चारशे रुपये. हॉर्सपॉवरच्या गप्पा मारणारे या आकड्यावर येतच नाहीत. आणि ॲव्हरेज विचारायचा तो शोरूममध्ये नाही, त्याच रूटवर तीच गाडी तेवढाच माल भरून चालवणाऱ्याला. तोही गाडीवर प्रेम असल्यामुळे एखाद किलोमीटर वाढवूनच सांगतो, तेवढा वजा करायचा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी झाला, चांगलं झालं, पोरांच्या फुप्फुसांसाठी ते हवंच होतं. पण त्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर आला. हा काजळी अडवतो आणि साठली की तापवून जाळतो. जाळायला एक्झॉस्ट खूप तापावा लागतो, त्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगात सलग चालावी लागते. वाशीला जाणाऱ्या गाडीला याचा त्रास फारसा नाही, रोज दीडशे किलोमीटर सलग चालते. पण दूध गोळा करणारी पिकअप? दर अर्ध्या किलोमीटरला थांबते, इंजिन चालूच, वाडी-वस्तीवरून फिरून सकाळी आठला डेअरीवर परत. तिचा डीपीएफ काजळीनं भरत राहतो आणि जळायला वेळच मिळत नाही.

माझ्या चुलतभावाची गाडी अशीच दुधावर होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यानं दुर्लक्ष केलं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. मग एक दिवस गाडीनं ताकद सोडली, वीसच्या वर जाईना. गावातल्या मिस्त्रीकडे स्कॅनर नाही. शहरातल्या सर्व्हिस सेंटरला टो करून नेली, चार दिवस गेले, बिल पाच आकडी. चार दिवस दूध दुसऱ्याच्या गाडीनं गेलं आणि त्यातली दोन गावं परत त्याच्याकडे आलीच नाहीत. गाडी विकताना त्याला तीन गोष्टी फुकट दिल्या होत्या, सीट कव्हर, गणपतीची मूर्ती आणि छत्री. डीपीएफबद्दल दोन वाक्यं मात्र नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे एका कंपनीचं दुखणं नाही.

यावर गावोगावी तोडगा निघालाय तो म्हणजे फिल्टर आतून फोडून टाकायचा आणि कॉम्प्युटरला फसवायचं. करू नका. बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर शेवटी आपल्याच बाजारपेठेत राहतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला सलग चालवा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं घाला. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणतो, ते सारखं नसतं. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही. डिझेल कॅनमधलं, सुट्टं, स्वस्तातलं अजिबात नको. या इंजिनांचे इंजेक्टर प्रचंड दाबावर चालतात, थोडासा कचरा किंवा पाणी गेलं तरी हजारोंचं काम निघतं. काही गाड्यांत डीईएफ म्हणजे युरियाचं पाणीही लागतं. आपल्या गाडीला लागतं का, ते घेण्याआधी विचारा.

दुधासाठी, किराण्यासाठी, तालुक्यातल्या तालुक्यात फिरण्यासाठी मी तरी डिझेलच्या मागे लागलो नसतो. सीएनजी बघितला असता. त्यात डीपीएफची कटकट नाही. पण सीएनजीला ताकद कमी पडते, सिलेंडरचं वजन मालातून वजा होतं आणि पंपावरच्या रांगेत तासभर जातो. शिवाय सीएनजीचा किलो आणि डिझेलचा लिटर यांच्या भावात आता पूर्वीएवढं अंतर राहिलं नाही. आपल्या रस्त्यावर पंप किती आणि रात्री चालू किती, हे मोजूनच निर्णय घ्या.

मिस्त्रींनी शेवटी तिसरा रस्ताही सुचवला. बीएस-४ ची, २०१८-१९ ची सेकंडहँड गाडी. निम्म्या पैशात. भाच्याचं तोंड उतरलं. नवीन गाडी, पुढे हार, गावात पेढे, हे सगळं त्याच्या डोळ्यापुढे होतं. पण मला हा सल्ला पटला. मिस्त्रींनी इंजिन पाहायची त्यांची पद्धतही सांगितली. गाडी बघायला सकाळी न सांगता जायचं आणि बॉनेटला हात लावून बघायचा. गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टला काहीतरी लपवायचंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, बहुतेक टर्बो किंवा इंजेक्टर. पांढरा धूर चालू करताना थोडा निघाला तर ठीक, गरम झाल्यावरही निघत राहिला तर हात जोडून परत यायचं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघायचं, आतून भकाभका धूर आणि दाब येत असेल तर रिंगा गेल्या. किलोमीटरच्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. क्लच आणि ब्रेकचं पेडल, ड्रायव्हरच्या दाराची कडी आणि स्टिअरिंगची झीज बघायची, त्यावरून गाडी किती राबलीय ते कळतं. दोन-चार हजार रुपये मिस्त्रीला देऊन त्याला बरोबर न्या. दहा लाखांच्या गोष्टीत आपण तेवढे वाचवतो आणि मग सहा महिने त्याच मिस्त्रीच्या दारात उभे राहतो.

आणखी एक. आपल्या गावापासून तीस किलोमीटरच्या आत त्या इंजिनाचे पार्ट आणि ते उघडणारा माणूस आहे का? नसेल तर ते इंजिन कितीही भारी असलं तरी तुमच्यासाठी नाही. टोमॅटोचा सीझन चालू असताना आठ दिवस गाडी उभी राहिली की वर्षाचा हिशोब बिघडतो.

परिवहन खात्याकडे, बाजार समित्यांकडे आणि कर्ज देणाऱ्यांकडे मागायच्या तर दोनच गोष्टी मागेन. एक, मार्केटमधून बाहेर पडताना वजनकाटा, तोही सगळ्यांना. एकट्यादुकट्यानं ६८ क्रेट भरले तर तो मरतो, सगळ्यांनी भरले तर भाडं आपोआप वर येतं. आज जो शेतकरी क्रेटमागे पाच रुपये वाचवतो, त्याचाच पोरगा रात्री ती गाडी चालवतोय. दोन, कर्जाचा कागद करताना गाडीच्या कायदेशीर वजनावर धंदा बसतो का, याचा हिशोब एका पानावर मराठीत लिहून दाखवावा. बसत नसेल तर तसं सांगावं. पोरगं नाराज होईल, होऊ दे.

काल भाचा परत आला होता. नवीन घ्यायचीच असेल तर अडीच लिटरवालीच, शंभर हॉर्सपॉवर नको, इथपर्यंत तो आलाय. सेकंडहँडला अजून मान हलवत नाही. पण आळेफाट्याजवळ एक २०१९ ची गाडी आहे असं मिस्त्रींनी सांगितलंय, ती उद्या सकाळी सहाला बघायला जायचंय, मालकाला न कळवता. ताईला सांगितलंय, पाटल्या आठ दिवस कपाटातच राहू दे.

तुमच्यापैकी जे पिकअप चालवतात त्यांनी खाली लिहा. कुठली गाडी, कुठला रूट, भरून जाता की रिकामे चढता आणि भरून ॲव्हरेज खरा किती पडतो. किती क्रेट भरता ते नाही लिहिलं तरी चालेल. भाचा सगळं वाचतोय.